डाव्या पेटीचं इंजिन

मी एक भिंग आहे, आणि आज जरा घाईत बोलणार आहे. आज रविवार. दहा वाजले की मला खिशात घालून न्यायला येतील, आणि त्याआधी मला सगळं सांगून टाकायचं आहे. मनात ठेवून ठेवून माझी बिजागरी ढिली झाली आहे.

आजोबा लोक वर्तमानपत्रावर धरतात तसलं दांड्याचं भिंग मी नव्हे. मी कापडगिरणीतला आहे. पितळेच्या तीन पट्ट्या आणि दोन बिजागऱ्या. घडी घातली की काडेपेटीएवढा. उघडून कापडावर उभा केला की खालच्या पट्टीत बरोबर एक इंच लांब, एक इंच रुंद चौकोन, आणि वरच्या पट्टीत माझी काच. चौकोनात दिसतील तेवढे धागे मोजायचे, एवढंच माझं काम. त्यामुळे जग मला एकेका इंचानं दिसतं. आख्खी वस्तू मी जन्मात पाहिलेली नाही. या इंचात सगळं ठीक असलं तरी पुढच्या इंचात काय असेल, ही धाकधूक मला कायमची. स्वस्थ बसणं माझ्या पत्रिकेत नाही.

माझी काच घासणारा कारागीर महाचिकट माणूस होता. दोनदा त्यानं मला मोडीत टाकलं आणि दोनदा परत उचललं. तिसऱ्यांदा घासून झाल्यावर म्हणाला, "आता बस झालं, नाहीतर काचच उरायची नाही." हे वाक्य पुढे मला फार वेळा आठवलं.

माझी पहिली मालकीण गिरणीत कापड तपासायची. मोठ्या खिडकीखाली तिरकं टेबल, त्यावरून कापड सरकत यायचं, आणि ही बाई हातभर सरकलं की मला टेकवायची. उभे धागे मोजायची, आडवे मोजायची, चूक दिसली की खडूनं फुली. दिवसभर डोळ्यात तेल घालून उभी. नव्या मुली कंटाळल्या की म्हणायची, "अगं, चूक आपल्याला भेटायला आलेली असते. तिला अशी पाठ नको दाखवूस."

तिचा नवरा डिझेल इंजिनाचा ड्रायव्हर. एकदा निळ्या पट्ट्यांच्या कापडाचं एक थान आलं, त्यात एक पट्टी मध्येच वीतभर सुटलेली. मीच ते नापास केलं. नापास कापड कामगारांना मिळायचं. तिनं त्यातून नवऱ्याला शर्ट शिवला, आणि ती सुटलेली पट्टी हुशारीनं खिशाखाली लपवली. डाव्या छातीवरच्या खिशाखाली. हे नीट लक्षात ठेवा, पुढे याच खिशानं घोटाळा उघडा पाडला.

नोकरी संपली त्या दिवशी तिनं मला परत केलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या बाईनं केलेली ही एकच चोरी. घरी आल्यावर मी बटणांच्या डब्यात पडलो. ती गेली, आणि डबा तिच्या मुलीकडे आला. मुलगी शिवणकाम करते, घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान आहे. डबा रोज उघडायचा, पण हात जायचा तो बटणांकडे. कितीतरी वर्षं मी काळ्या-पांढऱ्या बटणांच्या गर्दीत उलथापालथा होत होतो. दुर्लक्ष काय असतं ते मला विचारा.

मग एके दिवशी बाईचा धाकटा मुलगा शर्टाचं बटण लावून घ्यायला बहिणीकडे आला. वय पंचावन्न, तरी घरात त्याला 'बारक्या'च म्हणतात. डब्यात बोटं फिरवता फिरवता मी त्याच्या हाती लागलो. त्यानं मला उघडलं, स्वतःच्या अंगठ्यावर ठेवलं, आणि त्याच्या तोंडून "अरे वा!" निघालं. बटण राहिलं बाजूला, मी त्याच्या खिशात.

बारक्या कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि हा मेणात दात बसवतो. गल्लीत त्याला सगळे 'दातवाले' म्हणतात. त्याच्या टेबलाच्या एका कडेला दात, आणि दुसऱ्या कडेला रेल्वेची डिझेल इंजिनं. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी, वीतभर लांबीची. पत्रा कापून, घासून, रंगवून तो ती स्वतः बनवतो. एका आजींची कवळी गडबडीत इंजिनाच्या हिरव्या रंगात बुडाली होती, तेव्हा काय झालं ते सांगत बसत नाही.

तुम्हाला वाटेल, इंजिन म्हणजे इंजिन, त्यात काय एवढं! तुमच्या डोळ्यांसमोर एक इंजिन येतं. बारक्याच्या डोळ्यांसमोर त्याच जातीची एकशे बारा येतात, आणि त्यातली कुठलीही दोन सारखी नाहीत. पहिल्या चाळिसांच्या बाजूच्या दारांना चौदा झडपा, पुढच्यांना सोळा. काहींचा भोंगा छपराच्या मधोमध, काहींचा कडेला. इंजिनं सांभाळणाऱ्या कुठल्या शेडनं पायरीखाली आणखी एक पायरी जोडली, कुठल्या शेडनं हात धरायची दांडी वाकवली. शिवाय दर दुरुस्तीत काहीतरी बदलायचंच. म्हणून या छंदातल्या लोकांचा एक नियम असतो: एक इंजिन, एक नंबर, एक दिवस. त्या दिवशी ते जसं होतं तसंच बनवायचं. आणि दोन पुराव्यांशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही.

पुरावा म्हणजे फोटो. तो जमवायला बारक्यानं काय काय केलं! निवृत्त फिटरांच्या घरी गेला, जुनी कॅलेंडरं धुंडाळली. लोकांच्या लग्नाचे अल्बम मागून आणले, कारण वऱ्हाड स्टेशनावर उभं असलं की मागे कधीकधी इंजिन असतं. नवरा-नवरी लाजून हसताहेत, आणि हा मला त्यांच्या कानांमधल्या फटीत टेकवून झडपा मोजतोय. फोटोतल्या माणसांकडे त्यानं कधी ढुंकून पाहिलं नाही. माणसं त्याला अडचण वाटायची.

त्याला जे इंजिन हवं होतं ते त्याच्या बाबांचं. त्या इंजिनाचा नेमका फोटो एकच. बाबा तरुण, अंगात पट्ट्यांचा शर्ट, ड्रायव्हरच्या दाराखाली उभे. नंबर त्यांच्या पाठीमागे झाकलेला, पण फोटोच्या मागच्या बाजूला आईनं नंबर आणि तारीख लिहून ठेवली होती. फोटो तिनंच काढला होता, मैत्रिणीचा कॅमेरा मागून आणून.

आता घोडं कुठं अडलं होतं ते सांगतो. बाबा आता शहाऐंशींचे. राहतात मुलीकडे, दुकानामागच्या खोलीत. बायको गेल्यापासून त्यांचा सगळा व्यवहार तीन शब्दांत चालायचा: हं, बरं, छान. जेवण झालं? हं. औषध घ्या. बरं. नवा शर्ट कसा आहे? छान. त्यापुढे गाडी सरकायचीच नाही. त्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्यांची मधली नजर चालली आहे. कडेचं थोडंफार दिसत राहील, पण समोरचं, हातातलं, तीन-चार महिन्यांत दिसेनासं होईल.

बारक्यानं त्या दिवशी मला आणि फोटोला समोर घेतलं आणि ठरवलं की बाबांची नजर आहे तोवर त्यांचं इंजिन त्यांच्या हातात द्यायचं. मला वाटलं, झालं, आता हा झटपट उरकेल. कसला उरकतोय! जित्याची खोड.

फोटोत त्याला एक चमत्कार दिसला. त्या जातीच्या सगळ्या इंजिनांना दारालगत एक हत्यारांची पेटी असते, आणि ती उजव्या बाजूला असते. या फोटोत बाबांच्या खांद्यामागून अर्धीच दिसणारी ती पेटी डावीकडे होती! बारक्या खुर्चीतून उठून उभाच राहिला. त्यानं लगेच अनुमान बांधलं की शेडनं हे एकच इंजिन वेगळं करून घेतलं असणार. दुसरा पुरावा नव्हता, पण आनंदाच्या भरात नियम विसरला. छंदवाल्यांचं एक मासिक निघतं, त्यात त्यानं चार पानी लेख लिहिला, 'डाव्या पेटीचं इंजिन'. वाद झाले, पत्रं आली, बारक्याचं नाव झालं. परगावच्या एका गृहस्थानं तर आपल्या तयार इंजिनाची उजवी पेटी उखडून डावीकडे बसवली.

आणि मी? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्या चौकोनात तो शर्ट आला तेव्हाच मी ओळखला, धागा न् धागा. खिसा उजव्या छातीवर होता. फोटो छापणाऱ्यानं फिल्म पालथी घातली होती, त्यामुळे सगळंच डावं-उजवं फिरलं होतं! बारक्या मला दाराच्या बिजागरीवरून पायरीवर, पायरीवरून पेटीवर नेत होता आणि दर वेळी बाबांना वळसा घालत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी आतल्या आत तडफडत होतो. भिंगाला दाखवता येतं, बोलता येत नाही, यासारखं दुःख नाही.

दोन महिने गेले, अडीच गेले. इंजिन तीनदा रंगवून तीनदा खरवडलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं अशी गत. मग एका दुपारी बहीण स्वतःच आली. गळ्यात मापाची टेप तशीच.

"झालं का रे?"

"एक दांडी राहिलीय, ताई. थोडी जाड वाटतेय."

"किती जाड?"

"केसाएवढी."

"बारक्या, काल बाबांनी मला हाक मारली, आणि मी समोरच उभी होते. तू दांडी घासत बस."

ताई खुर्ची ओढून बसली. समोर तो फोटो होता. "बघू तरी बाबा कसे दिसायचे," म्हणत तिनं मला उचललं आणि थेट बाबांच्या चेहऱ्यावर टेकवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा चेहरा माझ्यातून पाहत होतं. मग मी घसरत गळ्यापाशी आलो, मग छातीपाशी.

"आईनं शिवलेला शर्ट," ती म्हणाली. आणि थांबली. "बारक्या, बाबांचा खिसा उजवीकडे कसा?"

"असेल."

"असेल काय? तीस वर्षं शर्ट शिवतेय मी. आणि ही बटणपट्टी बघ, बायकांच्या ब्लाउजसारखी उलटी. आई असलं शिवेल?"

बारक्यानं मला तिच्या हातातून घेतलं. खिसा पाहिला, बटणं पाहिली. मग मला पेटीवर नेलं आणि परत खिशावर आणलं.

"फोटो उलटा छापलाय," तो म्हणाला. "पेटी उजवीकडेच आहे. सगळ्यांची असते तशी. चार पानं लिहिली मी, ताई."

त्यानं इंजिन उचललं आणि रंग उतरवायच्या द्रावणाचं झाकण काढलं. "सगळं सोडवून परत करतो. तीन महिने दे मला."

"माझ्याकडे असते तर दिले असते," ताई म्हणाली. तिनं त्याच्या हातातून इंजिन काढून घेतलं, ओढणीत गुंडाळलं, मला मुठीत धरलं आणि चालू लागली. बारक्या एका पायात चप्पल घालून मागे धावला. "ताई, ते चुकलंय! चुकलेलं कसं दाखवायचं?" रस्त्यातले लोक थांबून बघत होते. ताईनं मान वळवली नाही.

बाबा खिडकीशी बसले होते. ताईनं इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि मला त्यांच्या हातात दिलं. मी त्यांच्या डोळ्याशी आलो. समोरचं दिसत नव्हतं म्हणून मान कलती करून ते मला जरा कडेला धरत होते, कोंबडी दाणा बघते तसे. एकेक इंच. भोंगा, छप्पर, झडपा. त्या त्यांनी मोजल्या, ओठ हलत होते. बारक्या दारात उभा, एकाच पायात चप्पल. मला भीती होती त्या एका शब्दाची. आता म्हणतील छान, आणि ठेवून देतील.

मी पेटीवर आलो आणि थांबलो. बाबांचा हातच थांबला.

"ही पेटी कुणी हलवली?"

बारक्यानं मान खाली घातली. "चुकलं, बाबा."

"चुकलं काय! अरे, पेटी या बाजूला, मग मी चढणार कुठून? छपरावरून?" आणि बाबा हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी. "पेटी उजवीकडे. आणि तिचं झाकण लागायचंच नाही. एक कोपरा चेपलेला होता. मी तारेनं बांधायचो, आणि तारेला तुझ्या आईनं दिलेलं फडकं. नापास कापडाचं. काच पुसायला. दुसरे ड्रायव्हर म्हणायचे, याच्या इंजिनाला शेपटी आहे."

"कुठला कोपरा?" बारक्यानं खिशातून वही काढली.

"वही ठेव आणि ऐक," ताई ओरडली.

"लिहू दे गं त्याला. खालचा कोपरा, पुढचा. फोटो काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात गेलं. तुझी आई म्हणाली, परत येईल ते दुसऱ्याच तोंडानं येईल, आजच काढून ठेवते. आणि तसंच झालं बघ. आलं तेव्हा दार बदललेलं, पेटी नवी, झाकण घट्ट. मला आठवडाभर चैन पडलं नाही."

दोन तास बोलत होते. चहा दोनदा गार झाला. तीन शब्दांच्या माणसात एवढं भरलेलं होतं, याचा ताईला पत्ता नव्हता, आणि मला तर नव्हताच.

बारक्यानं मासिकात माफी छापली आणि सगळ्या छंदवाल्यांत नाक कापून घेतलं. परगावच्या गृहस्थाचं पत्र आलं, ते काय होतं ते न सांगितलेलं बरं. मग त्यानं खपून पेटी उजवीकडे केली, कोपरा चेपला, केसाएवढी तार आणि तारेला निळं फडकंसुद्धा. यात तीन महिने गेले, आणि तेवढ्यात बाबांची मधली नजर गेली. माझा त्यांना आता काही उपयोग नाही. हे सोपं वाटतं का मला? नाही वाटत.

तयार इंजिन त्यानं बाबांच्या हातात दिलं. बाबांनी बोटांनी सगळं चाचपलं, पुढून मागे, मागून पुढे. फडक्यावर बोट थोडं रेंगाळलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "छान."

आणि गप्प बसले. अर्धा तास गेला, तास गेला. बारक्या पाणी प्यायला आणि पुसून आणतो म्हणत इंजिन घेऊन घरी आला.

पुढच्या शुक्रवारी त्यानं टेबलावर मला उभं केलं, इंजिन माझ्याखाली घेतलं, मेण कापायची सुरी घेतली आणि चांगली बसलेली पायरी उखडली. मोजपट्टीच्या दोन रेघा मागे सरकवून परत चिकटवली. माझा माझ्या काचेवर विश्वास बसेना. केसाच्या जाडीसाठी तीन-तीन रंग खरवडणारा माणूस, आणि मला साक्षीला ठेवून चूक करतोय! मी, ज्यानं थानंच्या थानं नापास केली! रविवारी बाबांचं बोट त्या पायरीवर अडलं. "ही मागे गेलीय रे," ते म्हणाले, आणि मग पावसात याच पायरीवरून त्यांचा पाय कसा सटकला होता ते सुरू झालं, ते दुपारच्या जेवणापर्यंत.

तेव्हापासून दर रविवारी एक चूक. कधी दांडी वाकडी, कधी दिवा तिरका. रविवारी संध्याकाळी ती दुरुस्त होते आणि शुक्रवारी नवी शोधली जाते.

गेल्या रविवारचं सांगतो, मग झालं. बाबांनी सगळं चाचपलं, दोनदा चाचपलं. बोटंही आता थरथरतात. शेवटी म्हणाले, "भोंगा. भोंगा अर्धं बोट मागे होता." आणि भोंग्याची गोष्ट सुरू झाली. निघताना बारक्या बाहेर चपला घालत होता, मी टेबलावर विसरलेला. बाबा हळूच ताईला म्हणाले, "मुद्दाम करतो ना गं तो?"

"कोण? काय?"

"असू दे. सांगू नकोस त्याला. आज मला त्याची चूक सापडलीच नाही. म्हणून मीच एक काढली."

मग बारक्या मला न्यायला आत आला, आणि दोघं एकदम गप्प. ताकास तूर लागू दिली नाही.

घरी येऊन बारक्यानं भोंगा तपासला. बाबांचा एक आणि त्याच खेपेतल्या इंजिनांचे दोन, असे तीन फोटो बाहेर काढले, तिन्हींवर मला टेकवलं. मी तिन्ही वेळा स्वच्छ दाखवलं: भोंगा जिथे होता तिथेच बरोबर होता. त्यानं तिन्ही फोटो परत ठेवून दिले. मग सुरी घेतली, आणि बाबांनी सांगितला तसा भोंगा अर्धं बोट मागे सरकवला. बाबांचं अर्धं बोट, म्हणजे वीतभर इंजिनावर सहज डोळ्यांत भरेल एवढं. वहीत नोंद केली, आणि पुराव्याच्या रकान्यात दोन फोटोंचे नंबर लिहायचे तिथे एकच शब्द लिहिला, 'बाबा'. बाकी सगळ्या चुका रविवारी संध्याकाळी दुरुस्त झाल्या. ही त्यानं केली नाही.

आता दोघांचंही गुपित माझ्याकडे आहे, आणि ताईकडे अर्धं. चूक दिसली की दाखवायची हा माझा जन्माचा धर्म, पण माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे, तुम्ही त्या घरी गेलात, तुम्हाला इंजिनं कळत असली आणि भोंगा मागे दिसला, तर कृपा करून बोलू नका.

जिन्यावर पावलं वाजताहेत, आला तो. या वेळी त्यानं पेटीचं झाकण चुकीच्या कोपऱ्यात चेपलंय. फार बारीक काम आहे, मला दिसतंय, पण बोटांना कळेल की नाही कोण जाणे. परवा मला त्याला सांगावंसं वाटत होतं, अरे, जरा मोठी चूक कर. बाबांना सापडेल ना हो?